प्रेस शॉपमधील जोखमीचे मूल्यांकन आणि नियंत्रण: तयारीपासून फेरतपासणीपर्यंत

ऑडिटची तारीख जवळ आली की लहान प्रेस शॉपमध्ये जोखीम मूल्यांकनाची नोंदवही बाहेर निघते. ऑडिटवाले तिला ‘हिरा’ (HIRA, म्हणजे धोके ओळखणे आणि जोखीम मोजणे याचे इंग्रजी लघुरूप) म्हणतात, आणि बहुतेक ठिकाणी ती हिऱ्यासारखीच वर्षभर कपाटात बंद असते. मग गेल्या वर्षीची तारीख बदलली जाते किंवा शेजारच्या कारखान्यातून आणलेल्या तक्त्यात आपल्या यंत्रांची नावे भरली जातात. हा लेख साधारण १५ ते ५० माणसांच्या, पॉवर प्रेस (पत्रा कापणारे किंवा त्याला आकार देणारे यंत्र), ड्रिल, ग्राइंडर आणि थोडेफार वेल्डिंग असलेल्या शॉपसाठी आहे. तिथे स्वतंत्र सुरक्षा अधिकारी नसतो आणि हे काम मालक, सुपरवायझर किंवा क्वालिटीचा माणूस इतर कामे सांभाळून करतो.

नोंद कशी चुकते याचे एक उदाहरण देतो. एका शॉपच्या नोंदवहीत प्रेसपुढे ‘दोन हातांची बटणे बसवली आहेत, जोखीम कमी’ असे लिहिलेले होते, म्हणजे दोन्ही बटणे एकदम दाबली तरच प्रेस चालावी अशी सोय. संध्याकाळच्या पाळीत मी त्याच प्रेसपाशी उभा राहिलो, तेव्हा डाव्या बटणात लाकडाची पाचर ठोकलेली दिसली. ऑपरेटर उजव्या हाताने बटण दाबत होता आणि डाव्या हाताने पत्र्याची लांब पट्टी सावरत होता, कारण ती सोडली की मागच्या बाजूने खाली झुकत होती. नोंद खोटी नव्हती. बटणे खरोखरच होती. पट्टी कोण धरतो, हे मात्र लिहिणाऱ्याने कधी पाहिले नव्हते. मागे एक रोलर स्टँड ठेवला असता तर पाचरेची गरजच पडली नसती.

दोन शब्द आधी वेगळे करून घ्यावेत, कारण पुढचा घोळ इथूनच सुरू होतो. धोका म्हणजे इजा करू शकणारी गोष्ट: फिरणारे फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक), पत्र्याची धार, गॅसचा सिलिंडर. जोखीम म्हणजे त्या धोक्यामुळे प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता आणि ती किती गंभीर असेल, यांचा एकत्रित अंदाज. फ्लायव्हील दिवसभर तेच राहते. ते जाळीआड फिरते आहे की उघडे, यावर जोखीम बदलते.

## तयारी: कागद हातात घेण्यापूर्वी

१. चार माणसे निवडावीत. एक ऑपरेटर, एक डाय सेटर (प्रेसमध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवणारा), एक मेंटेनन्सचा फिटर आणि एक सुपरवायझर. यांतला सेटर सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच वगळला जातो. डायच्या आत हात घालावा लागतो तो त्याला. ठेकेदाराची माणसे असतील तर त्यांच्यातील एकजण घ्यावा. शॉपमध्ये हिंदी किंवा ओडिया बोलणारे कामगार असतील तर बोलणे त्यांना समजेल अशा भाषेत व्हावे. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मान हलली म्हणजे उत्तर मिळाले, असे समजू नये.

२. जुन्या नोंदी गोळा कराव्यात. अपघात नोंदवही पाहावीच, पण लहान शॉपमध्ये ती बहुधा कोरी असते. त्यापेक्षा प्रथमोपचार पेटी पुष्कळ सांगते. पट्ट्या आणि मलम किती संपले, कोणत्या विभागाने नेले आणि कोणत्या पाळीत नेले, एवढे विचारले तरी कापण्या-भाजण्याच्या जागा समोर येतात. त्याच्या जोडीला ब्रेकडाऊनची वही घ्यावी. ‘प्रेसने डबल मारली’ (कोणी न दाबता दुसऱ्यांदा खाली आली) अशी नोंद तिथे दुरुस्ती म्हणून पडलेली असते, प्रत्यक्षात ती थोडक्यात टळलेल्या अपघाताची नोंद असते.

३. यंत्रांची पूर्ण यादी करावी. उत्पादनाच्या यंत्रांबरोबर कॉम्प्रेसर, जनरेटर, चेन पुली, हातगाडी, पोर्टेबल ग्राइंडर आणि छतावर जाण्याची शिडीसुद्धा यादीत यावी.

४. वेळ ठरवावी. निदान एक फेरी रात्रपाळीत किंवा पाळी बदलताना करावी. सकाळी अकराला दिसणारे शॉप आणि रात्री दोनला दिसणारे शॉप यांत बराच फरक असतो.

तपासणी: चौघांपैकी एकानेही आपल्या हाताने डाय चढवलेली नसेल, तर गट पुन्हा निवडावा.

## टप्पा १: यंत्रांची नव्हे, कामांची यादी करावी

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे ‘पॉवर प्रेस’ या एका ओळीत सगळे संपवणे. प्रेसवर दिवसभरात एकच काम होत नाही. कॉइल किंवा पट्टी आणणे, जुनी डाय उतरवणे, नवी चढवून तिचा मेळ बसवणे, रिकामा स्ट्रोक मारून पाहणे, उत्पादन, अडकलेला जॉब काढणे, स्क्रॅप ओढणे, तेल घालणे, सफाई आणि बिघाड दुरुस्ती ही सगळी वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकात हात वेगळ्या जागी असतो. उत्पादन चालू असताना गार्ड जागेवर असते. डाय बसवताना ते काढलेले असते. म्हणून वेळ उत्पादनात जास्त जात असला, तरी बोटे बहुधा बाकीच्या कामांत अडकतात.

प्रत्येक यंत्रासाठी एक पान घ्यावे आणि त्यावर ही कामे क्रमाने लिहावीत. महिन्यातून एकदाच होणारे कामही सोडू नये. क्वचित होणाऱ्या कामाचा सराव नसतो आणि त्यासाठीची साधने हाताशी नसतात.

इशारा: ‘हे काम आमच्याकडे होत नाही, बाहेरचा माणूस येऊन करतो’ असे उत्तर आले, तरी ते काम यादीत ठेवावे. बाहेरचा माणूस तुमच्याच छपराखाली, तुमच्याच वीजजोडणीवर काम करतो.

## टप्पा २: उभे राहून पाहावे, मग विचारावे

एका कामापाशी किमान २० मिनिटे उभे राहावे. पहिली पाच मिनिटे सगळेजण नियमाप्रमाणे काम करतात. त्यानंतर नेहमीची पद्धत दिसू लागते. नजर चेहऱ्यावर न ठेवता हातांवर आणि पायांवर ठेवावी. पायडल उघडे आहे का? वरून काही पडले तर ते दाबले जाईल का? जॉब (घडवायचा तुकडा) आत ठेवताना बोटे पंचाखाली, म्हणजे डायच्या वरून खाली येणाऱ्या भागाखाली, जातात का? जॉब बाहेर काढताना ऑपरेटर चिमटा वापरतो की हात घालतो? चिमटा खिळ्याला टांगलेला असेल आणि त्यावर धूळ बसली असेल, तर उत्तर मिळाले.

प्रश्न विचारताना ‘गार्ड का काढले?’ असे विचारू नये. त्याने माणूस गप्प होतो. ‘गार्ड लावून हा जॉब करताना काय अडते?’ असे विचारावे. पाचर, बांधून ठेवलेला लिमिट स्विच (गार्ड उघडे असल्यास यंत्र थांबवणारा), काढून भिंतीला टेकवलेले गार्ड या गोष्टी शिस्तभंग म्हणून लिहिण्याआधी माहिती म्हणून लिहाव्यात. प्रत्येकीमागे कामाची काहीतरी अडचण असते: जॉब दिसत नाही, स्क्रॅप साचतो, तासाचा आकडा पूर्ण होत नाही. ती अडचण नोंदवली नाही, तर पुढे बसवलेला कोणताही उपाय दोन आठवड्यांत निघतो.

इथेच हळूहळू होणारी हानीही पाहावी. ती नोंदवहीतून हमखास सुटते. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज मोजून घ्यावा. आपल्याकडील कारखाने नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे आणि ९५ डेसिबलला तीच मुदत ४ तासांवर येते, म्हणजे पाच डेसिबलने वेळ निम्मा होतो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग होत असेल तर जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. वेल्डर तो हवेचा ताप समजून गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर येतो. त्यामुळे ‘कधी संध्याकाळी ताप येतो का?’ हा प्रश्न वेल्डरला मुद्दाम विचारावा.

## टप्पा ३: धोका पूर्ण वाक्यात लिहावा

‘पॉवर प्रेस – अपघात’ या नोंदीवरून कोणालाच काही करता येत नाही. वाक्यात चार गोष्टी याव्यात: कोणते काम, कोणती स्थिती, काय घडेल आणि कोणाला काय इजा होईल. उदाहरणार्थ: ‘डाय बसवताना, मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील फिरत असताना, पायडलवर पाय पडल्यास रॅम खाली येऊन सेटरचा हात चिरडू शकतो.’

(रॅम म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग.) या एका वाक्यातून उपाय आपोआप दिसू लागतात: फ्लायव्हील थांबल्याशिवाय काम सुरू न करणे, पायडलवर झाकण, रॅमखाली आधार. वाक्य लिहिता येत नसेल, तर टप्पा २ नीट झालेला नाही असे समजून परत यंत्रापाशी जावे.

## टप्पा ४: गुण देताना होणाऱ्या तीन चुका

बहुतेक ठिकाणी गांभीर्याला १ ते ५ आणि शक्यतेला १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतात. पद्धत ठीक आहे, पण ती तीन ठिकाणी फसते.

पहिली चूक गुणाकारातच आहे. हात तुटण्याचे गांभीर्य ५ आणि शक्यता १ धरली तर उत्तर ५ येते. रोज होणाऱ्या किरकोळ ओरखड्याचे गांभीर्य १ आणि शक्यता ५, उत्तर तेच. दोन्ही नोंदी कमी जोखमीच्या हिरव्या रंगात शेजारी बसतात. म्हणून गांभीर्य ४ किंवा ५ असलेली प्रत्येक नोंद, गुणाकार काहीही येवो, वेगळी काढून मालकासमोर ठेवावी.

दुसरी चूक म्हणजे हातमोजे दिले की गांभीर्य कमी करणे. प्रेसचा टनेज (दाबण्याची ताकद) हातमोज्याने कमी होत नाही. यंत्राची ताकद, उंची, तापमान किंवा पदार्थ बदलला तरच गांभीर्याचा आकडा बदलावा; बाकीच्या बहुतेक उपायांनी फक्त शक्यता कमी होते.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते: ‘गार्ड मागवले आहे’ म्हणून आजच उरलेली जोखीम कमी लिहिणे. गार्ड बसून, वापरले जात असल्याचे पाहिल्यानंतरच तो रकाना भरावा. तोवर तो कोरा राहू द्यावा, ऑडिटमध्ये वाईट दिसला तरी.

## टप्पा ५: नियंत्रण, वरून खाली

उपाय ठरवण्याचा क्रम असा आहे: धोका काढून टाकणे, कमी धोक्याची पद्धत आणणे, यंत्रात अडथळा बसवणे, कामाची पद्धत व प्रशिक्षण, आणि शेवटी अंगावरची साधने. प्रत्यक्षात हा क्रम खालून वर वाचला जातो, कारण हातमोजे आज संध्याकाळी दुकानातून आणता येतात आणि डाय बदलायला टूलरूमला सांगावे लागते. प्रत्येक धोक्यासाठी वरच्या पायरीपासून सुरुवात करावी, आणि ती का जमत नाही हे एका ओळीत लिहूनच खालच्या पायरीवर यावे.

अ. हात आत जाण्याची गरज काढावी. प्रेसवर याची शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त असते. स्लाइड फीड, मॅगझिन किंवा गुरुत्वाने घसरणारी पन्हळ लावली तर जॉब बाहेरून आत जातो. जॉब एअर जेटने किंवा नॉकआऊटने (आतून ढकलणाऱ्या दांड्याने) बाहेर पडला तर हात घालावा लागत नाही. रॅम पूर्ण वर असतानाही पंच आणि डाय यांमधली फट ६ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ठेवता आली, तर बोटच आत जात नाही आणि त्या डायसाठी वेगळ्या साधनाची गरज उरत नाही. नवीन डायची ऑर्डर देतानाच ड्रॉइंगवर ही अट लिहावी. तयार डायमध्ये नंतर बदल करणे महाग पडते.

आ. गार्ड निवडण्यापूर्वी क्लच पाहावा. इथे मी मुद्दाम थांबतो, कारण याच जागी पैसे खर्च करूनही माणसाचा हात उघडाच राहतो. क्लच म्हणजे फ्लायव्हीलची गती रॅमला जोडणारा भाग. पिन किंवा की क्लचच्या प्रेसमध्ये एकदा पायडल दाबले की रॅम पूर्ण फेरा मारूनच थांबतो. त्याला मधेच थांबवता येत नाही. अशा प्रेसवर लाईट कर्टन (हात किरणांच्या पडद्यात आला की यंत्र थांबवणारे साधन) बसवणे निरुपयोगी आहे. हात आत गेल्याचे त्याला कळेल, पण थांबवण्यासारखे त्याच्या हाती काहीच नसते. दोन हातांची बटणेही तिथे अपुरी पडतात, कारण बटण सोडल्यावर रॅम थांबत नाही, आणि की किंवा स्प्रिंग झिजली असेल तर कोणी बटण न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. यालाच शॉपमध्ये ‘डबल मारणे’ म्हणतात. अशा प्रेसला पंचाभोवती बंद, पक्के गार्डच हवे, ज्यात पट्टी जाईल एवढीच फट असेल.

न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारा) फ्रिक्शन क्लच असेल तर रॅम मधेच थांबू शकतो आणि तिथे लाईट कर्टन चालतो, पण अंतर मोजूनच. हात सेकंदाला साधारण २ मीटर वेगाने पुढे जातो असे धरतात. रॅम थांबायला एकूण ०.१५ सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात हात ३०० मिलिमीटर आत जातो. म्हणजे कर्टन डायपासून किमान तेवढा दूर हवा, शिवाय कर्टनच्या किरणांमधील अंतरानुसार त्यात भर घालावी लागते. ब्रेकचे लायनर झिजले की थांबण्याची वेळ वाढते. बसवताना मोजलेला आकडा वर्षभर खरा राहील असे गृहीत धरू नये.

तपासणी: प्रत्येक प्रेसच्या पानावर क्लचचा प्रकार लिहिलेला आहे का? नसेल तर गार्डची ऑर्डर थांबवावी.

इ. डाय बदलण्याचा क्रम भिंतीवर लावावा. क्रम असा: मोटर बंद, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट, हवेची लाइन बंद करून दाब सोडणे, मेन स्विचला कुलूप आणि किल्ली सेटरच्या स्वतःच्या खिशात, पायडल किंवा बटण दाबून यंत्र खरोखर हलत नाही याची खात्री, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक, त्यानंतरच हात आत. दुसरी पायरी हमखास गाळली जाते, कारण फ्लायव्हील थांबायला काही मिनिटे लागतात आणि सेटरला मागून हाक येत असते. सेफ्टी ब्लॉक रॅमचे आणि वरच्या डायचे वजन पेलतो. फिरत्या फ्लायव्हीलचा स्ट्रोक पेलण्यासाठी तो बनवलेला नसतो आणि तेव्हा तो फुटून उडू शकतो. ब्लॉकला साखळीने प्लग जोडावा, म्हणजे ब्लॉक ठेवण्याच्या जागेवरून उचलल्यावर प्लग निघून मोटरचे सर्किट तुटते. सेटिंगनंतर कोणतेही स्पॅनर आत राहिलेले नाही हे पाहून, हाताने एक फेरा फिरवून, मग यंत्र सुरू करावे.

ई. इतर यंत्रांबद्दल थोडक्यात. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नयेत. फिरत्या बिटात कापड अडकले की हात ओढला जातो. सैल बाही, ओढणी आणि गळ्यातला दोरा यांनाही तोच नियम. ‘सर्व ठिकाणी हातमोजे सक्तीचे’ असा फलक लावणारे हा धोका स्वतःच निर्माण करतात. पेडेस्टल ग्राइंडरचा टेका दगडापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नसावा. ४ इंची ग्राइंडरचे गार्ड काढून ५ इंची चकती लावलेली दिसली, तर तो ग्राइंडर त्याच क्षणी बाजूला काढावा. मोठ्या चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा त्या यंत्राच्या वेगापेक्षा कमी असू शकते. पोर्टेबल साधनांच्या लाइनवर ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा आणि त्याचे टेस्ट बटण महिन्याला दाबून पाहावे. चेन पुली आणि उचलण्याच्या साखळ्यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी करून घ्यावी.

उ. अंगावरची साधने शेवटी. पत्र्याच्या धारेसाठी कट-रेझिस्टंट हातमोजे, आवाजासाठी इअर प्लग, ग्राइंडिंगसाठी चष्मा आणि त्यावर फेस शील्ड. माप घेऊन द्यावीत. एकाच मापाचे बारा जोड आणले की लहान हाताचा माणूस ते काढूनच काम करतो.

## टप्पा ६: उपायाने नवा धोका आला का ते पाहावे

गार्ड बसल्यावर स्क्रॅप कुठून निघतो? तो निघत नसेल तर ऑपरेटर दर अर्ध्या तासाला गार्ड उघडणार. एअर जेट लावल्याने आवाज किती वाढला? रोलर स्टँडमुळे येण्याजाण्याची वाट अडली का? हे प्रश्न उपाय बसवल्यानंतर एक पूर्ण पाळी चालवून, त्याच ऑपरेटरला विचारावेत.

## टप्पा ७: नाव, तारीख आणि पुरावा

‘जबाबदारी: मेंटेनन्स’ असे लिहिल्यास काम कोणाचेच नसते, माणसाचे नाव लिहावे. तारीख लिहावी. गार्ड येईपर्यंत मधल्या दिवसांत काय करायचे, हेही लिहावे: डाय बदलणार की प्रेस बंद ठेवणार? गांभीर्य ५ असेल आणि मधला उपाय सापडत नसेल, तर उत्तर बंद ठेवणे हेच आहे, डिस्पॅच कितीही अडलेला असो. काम झाल्याचा पुरावा म्हणून बिल नव्हे, तर यंत्र चालू असतानाचा फोटो लावावा.

प्रशिक्षणाची सही घेण्यापूर्वी माणसाकडून ते काम करून घ्यावे. डाय बदलण्याचा क्रम तोंडाने म्हणून दाखवणे पुरेसे नाही.

## टप्पा ८: पुन्हा कधी उघडावे

वर्षाची वाट पाहू नये. नवी डाय आली, पत्र्याची जाडी बदलली, यंत्राची जागा हलली, नवा ठेकेदार आला, पाळी ८ तासांची १२ झाली, किंवा कोणी थोडक्यात वाचला, की त्या कामाचे पान त्याच आठवड्यात उघडावे. डबल मारलेल्या प्रेसचे पान त्याच दिवशी उघडावे, आणि क्लच तपासेपर्यंत प्रेसला कुलूप राहावे.

शिवाय उपाय बसल्यानंतर महिन्याभराने एकदा न सांगता रात्रपाळीत जावे. गार्ड पुन्हा भिंतीला टेकलेले दिसले, तर नोटीस लिहिण्यापूर्वी टप्पा २ मधला प्रश्न परत विचारावा आणि मिळालेले उत्तर त्याच पानाच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावे.